पावणेपाच अंश: सिंगापुरातले आठ दिवस

पहिला दिवस

निघायच्या आदल्या रात्री बॅगेत वॉकर कोंबता कोंबता हिने एकच अट घातली. "अहो, तिकडे गेल्यावर 'जरा हात देता का' असं कुणाला म्हणायचं नाही. दहा वर्षं तेच म्हणतेय. वीट आलाय." संधिवाताने हिचे गुडघे आणि मनगटं दोन्ही धरली आहेत. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. मी मान डोलावली. परक्या मुलखात हे कसं जमायचं, ते मनातच ठेवलं.

मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तासांचा प्रवास, आणि घड्याळ अडीच तास पुढे. लेक आणि जावई अँग मो किओ नावाच्या जुन्या वस्तीत सातव्या मजल्यावर भाड्याने राहतात. इमारत सरकारी. या देशातले दहापैकी जवळजवळ आठ लोक अशाच सरकारी इमारतींत राहतात, त्यामुळे 'सरकारी क्वार्टर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं इथे काही नाही. टॅक्सीतून उतरलो ते थेट लिफ्टपाशी आलो, लिफ्टमधून निघालो ते थेट दारात. वाटेत एकही पायरी नाही. दारात मात्र चार बोटं उंच उंबरा होता! त्याला लेकीने आधीच रबराचं पाचर लावून ठेवलं होतं. व्हीलचेअर आत गेली, तिच्यामागोमाग नातवाची बाबागाडीही त्याच पाचरीवरून घरात आली. वय वर्षं दीड. दोघांची चाकं साधारण एकाच मापाच्या अडथळ्याला अडतात, हे मला त्या दारात पहिल्यांदा लक्षात आलं.

पहिल्यांदा, आणि तेही सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढल्यावर. तेव्हा माझी खोड इथेच सांगून टाकतो. गवंड्याची पाणसळ असते ना, तशी एक आता माझ्या मोबाइलमध्ये आहे. फोन जमिनीवर ठेवला की तो चढ किती अंशांचा ते सांगतो. रॅम्पचा नियम १:१२ चा, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. अंशांत सांगायचं तर पावणेपाच. याहून जास्त चढ असला की खुर्चीतल्या बहुतेक माणसांना स्वतःच्या हातांनी वर जाणं जड जातं. कुणीतरी मागून ढकलावं लागतं. लिफ्टपाशी जो छोटा उतार होता, तिथे मी खाली वाकून फोन ठेवला. चार पूर्णांक सहा.

"बाबा, निदान आज तरी नको," लेक म्हणाली.

रात्री हिने 'हात देता का'चा हिशोब सांगितला. आज शून्य.

दुसरा दिवस

इथल्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडतात, नुसते खांब. त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. वाऱ्याची झुळूक असते, ऊन नसतं, दगडी टेबलावर पटाचे चौकोन कोरलेले. सकाळी दहाला तिथे बसलो तेव्हा आमच्या आधी सहा म्हातारे येऊन बसले होते. लग्नं इथेच होतात आणि मयताचे विधीही इथेच, असं लेक म्हणाली. आपल्या वाड्याचा चौक आठवला, फक्त याला दरवाजा नाही.

सातव्या मजल्यावरच्या शेजारच्या चिनी आजी चाळीस वर्षं याच घरात आहेत. लेकीला मध्ये घेऊन गप्पा झाल्या. पूर्वी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतच नसे. पैसे वाचावेत म्हणून त्या काळी अशाच इमारती बांधल्या. यांच्याकडे ती पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. आजी भाजी घेऊन नवव्यावर जायच्या आणि दोन जिने उतरायच्या. "चढण्यापेक्षा उतरणं बरं. गुडघे दुखायला लागले तेव्हा कळलं की तेही बरं नाही." २००१ पासून सरकारने जुन्या इमारतींच्या लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबवण्याचं काम हाती घेतलं. त्यासाठी प्रत्येक इमारतीत मतदान होई आणि ७५ टक्के घरांचा होकार लागे. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, थोडा रहिवाशांचा. आमच्या इमारतीला बाहेरून चिकटवलेला लिफ्टचा नवा मनोरा आजही वेगळा ओळखू येतो.

७५ टक्के ऐकून मला आमच्या नाशिकच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवली. "आम्ही तळमजल्यावर, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग?" या एका वाक्यावर तीन वर्षं निघाली होती. शेवटी हे वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थांच्या थोरल्या भावाला झटका आला. ते चौथ्या मजल्यावर राहत. पुढच्याच सभेत ठराव पास.

संध्याकाळी दूध आणायला निघालो. सिग्नलच्या खांबावर एक छोटी पेटी होती. आजींनी पर्समधून कार्ड काढून तिला टेकवलं आणि आम्हाला 'चला' अशी खूण केली. हिरवा माणूस उगवला आणि उगवूनच राहिला. ज्येष्ठांच्या किंवा अपंगांच्या सवलतीच्या कार्डावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तीन ते तेरा सेकंद जास्त मिळतात. २००९ पासूनची सोय. रस्ता बनवताना आम्ही इंजिनिअर माणसाच्या चालीचा एक वेग धरतो. तो वेग तरण्याताठ्या माणसाचा असतो, आणि धरताना त्याचं काही वाटत नाही. आजी निवांत, मधेच थांबून काहीतरी सांगत पलीकडे गेल्या. गाड्या उभ्या होत्या, हॉर्न एकही नाही.

आम्हा पाहुण्यांकडे ते कार्ड नाही. म्हणजे ते सेकंद आजींच्या कृपेचे. "हे मोजायचं का?" मी विचारलं. ही म्हणाली, "मी काही मागितलं नाही. शून्य."

तिसरा दिवस

आज बसचा दिवस. ड्रायव्हरला इथे 'बस कॅप्टन' म्हणतात. थांब्यावर व्हीलचेअर दिसताच तो खाली उतरला, मधल्या दारातली घडीची फळी त्याने उलगडली, हिला आत घेतलं, खुर्ची जागेवर लावली, 'कुठे उतरणार' विचारलं आणि जाऊन बसला. मिनिट-दीड मिनिट गेलं. बसमधलं कुणी चुकचुकलं नाही, कुणी कौतुकानेही पाहिलं नाही. मला दुसरी गोष्ट जास्त आवडली. २०२० च्या अखेरीपासून इथल्या सगळ्या सार्वजनिक बस अशा आहेत, म्हणजे 'आपली बस' येईपर्यंत ताटकळावं लागत नाही.

भानगड झाली ती वेगळीच. उघडी बाबागाडी बसमध्ये न्यायला २०१७ पासून परवानगी आहे, पण तिची आणि व्हीलचेअरची जागा एकच, आणि त्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा. म्हणून लेकीला गाडीची घडी करून पोराला कडेवर घ्यावं लागलं. आजीने आपली जागा बळकावली हे बघून नातवाने बिशानपर्यंत भोकाड पसरलं.

बिशान-अँग मो किओ पार्कमधून एक नदी वाहते. पूर्वी तो काँक्रीटचा सरळ नाला होता. काँक्रीट फोडून २०१२ पर्यंत त्याची पुन्हा वळणावळणाची नदी केली, काठावर गवत, दगड, बगळे. नाले काँक्रीटमध्ये बांधण्याची एस्टिमेटं मी आयुष्यभर केली, तेव्हा या विषयावर जास्त बोलत नाही.

आम्ही आलो होतो तिथल्या खेळाच्या मैदानासाठी. २०१५ मध्ये इथे सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल असं मैदान केलं. व्हीलचेअरसकट चढता येईल असा झोका आहे, आणि एक गोल फिरणारं चक्र आहे. आपल्याकडच्या बागेतलं चक्र जमिनीपासून वीतभर उंच असतं, पाय मारून उडी घेऊन चढायचं. हे जमिनीच्या पातळीतच बसवलेलं. कडेला फट एवढीशीच, की चाक अडकणार नाही. जमीन रबरासारखी मऊ, पण चाक रुतत नाही एवढी घट्ट. वाळू टाकली असती तर स्वस्त पडली असती आणि खुर्ची पहिल्या फुटालाच फसली असती.

एक दहाबारा वर्षांची मुलगी तिच्या मोटारच्या खुर्चीसकट चक्रावर गेली, बाकीची चारपाच पोरं भोवती उभी राहिली, फिरलं. पुढच्या फेरीला ही मला म्हणाली, "मला न्या." मी बघतच राहिलो. चाकांना ब्रेक लावला, नातवाला मांडीवर दिलं, आणि जावई हळूहळू फिरवायला लागला. पहिल्या फेरीत हिने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या फेरीत म्हणाली, "जोरात." शाळेत असताना वडनेरच्या जत्रेत बसले होते, त्यानंतर आजच, असं नंतर सांगितलं. मी फोटो काढायचा विसरलो. लेक अजून त्यावरून बोलते.

चौथा दिवस, संक्रांत

तिळगुळाचे पदार्थ करायचे म्हणून सगळे लिटिल इंडियाला निघालो. अँग मो किओचं स्टेशन देशातल्या अगदी पहिल्या पाच स्टेशनांपैकी, १९८७ चं. तेव्हा यांत लिफ्ट नव्हत्या. परवडणार नाही असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. लिफ्ट नंतर, आहे त्या इमारतीत जागा शोधून, जास्त खर्चाने बसवाव्या लागल्या. धोबी घाट नावाच्या स्टेशनवर (हो, नाव आपलंच!) गाडी बदलून जी जांभळी लाइन घेतली ती २००३ ची, तिच्या स्टेशनांत लिफ्ट पहिल्यापासून आहेत. एका प्रवासात दोन पिढ्यांचे इंजिनिअर भेटले म्हणायचे. मी पहिल्या पिढीतला.

लिटिल इंडियात पोंगलची गर्दी, उसाची कमान, झेंडूचे ढीग. आणि तिथे आमचं घोडं पेंड खायला लागलं. जुन्या दुकानांपुढे 'पाचफुटी' असते, म्हणजे छप्पर घातलेली पाच फूट रुंदीची पडवी. १८२२ मध्ये रॅफल्सने शहराच्या आराखड्यातच ती सक्तीची केली होती, ऊनपावसात माणसाला दुकानांपुढून सलग चालता यावं म्हणून. कल्पना झकास. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पायी चालणाऱ्याचा विचार कायद्यात घातला. पण प्रत्येक दुकानाचं जोतं वेगळं. एकाची पडवी रस्त्याबरोबर, पुढच्याची सहा इंच वर, तिसऱ्याची परत खाली. मध्येच फुलांच्या टोपल्या, स्टीलच्या बादल्या. सावली सगळ्यांना मिळाली आणि पायरी आमच्या वाट्याला आली.

दोन दुकानं गेल्यावर हिला खाली रस्त्याच्या कडेला आणलं. तिथून उन्हात, गाड्यांच्या शेजारून. एका फूलवाल्याने आणि दोन अनोळखी पोरांनी खुर्ची उचलून दिली, फार प्रेमाने, तमिळमध्ये काहीबाही बोलत. हिचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "अगं, किती चांगली माणसं आहेत." ती म्हणाली, "माणसं आपल्याकडेही चांगलीच आहेत. कधी नव्हती? मला पोत्यासारखं उचलतात, तेही चांगलीच असतात."

यावर मी गप्प. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या पायऱ्या, आमच्या भद्रकालीतले ओटे, डोळ्यांपुढून गेले. तीळ, गूळ, शेंगदाणे सगळं मिळालं. बोरं मिळाली नाहीत.

हिशोब: तीन.

पाचवा दिवस

दिवसभर पाऊस. लेकीकडून स्टेशनपर्यंत अख्खी वाट छपराखालून जाते, म्हणून मी एकटाच, छत्री न घेता, चक्कर मारून आलो. स्टेशनांच्या ४०० मीटरच्या परिघातल्या शाळा, दवाखाने, बाजार अशा छपरी वाटांनी जोडायचे, असं धोरणच आहे. ओल्या लादीवर पाय सटकला नाही, कारण लादी खडबडीत आहे आणि पाणी कडेला जातं. फोनवरची पाणसळ काढायचा मोह आवरला नाही. बाकी दिवस गुळपोळ्यांत गेला.

सहावा दिवस

मी जे बघायला आलो होतो ते आज बघितलं. लाल लाइनने सरळ ॲडमिरल्टी, आणि स्टेशनला लागूनच 'कांपोंग ॲडमिरल्टी'. कांपोंग म्हणजे मलय भाषेत खेडं. हे खेडं मात्र उभं आहे, एकावर एक रचलेलं. वोहा या इथल्याच वास्तुरचनाकारांच्या कंपनीचं काम, आणि २०१८ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात ते वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरलं. जागा एक हेक्टरसुद्धा नाही.

खाली मोठं मोकळं आवार, छपराखाली. त्याच्या वर खाण्याच्या टपऱ्यांचा मजला. त्याच्या वर दवाखाना, जिथे किरकोळ शस्त्रक्रियाही होतात. त्याहून वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बाग, तिच्यात रहिवाशांचे भाजीचे वाफे. आणि बाजूला १०४ छोटी घरं, वयस्कांसाठी. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा सगळा दिवस एका लिफ्टच्या अंतरात. कागदावर हे सगळं मी वाचलं होतं. कागदावरून कळलं नव्हतं ते असं, की पाळणाघर आणि वृद्धांचं केंद्र शेजारीशेजारी ठेवलंय. पोरांच्या गाण्याचा आवाज पलीकडे जाणारच. आम्ही बागेत बसलो होतो तिथे तीन आज्या आपापल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, आणि पाळणाघराची रांग एकमेकांचे शर्ट धरून समोरून गेली. नातू त्या रांगेत घुसायला निघाला.

घरांच्या दारांबाहेर, दोन दारांच्या मध्ये, बसायला बाक आहेत. म्हातारा माणूस दार उघडून बाहेर आला की आधी बसतो, मग कुणाशी बोलतो, मग जमलं तर फिरायला जातो. ज्याने बाक तिथे ठेवला त्याच्या घरी नक्की कुणीतरी म्हातारं असणार. आमच्या खात्यात बाक हा 'फर्निचर'च्या शीर्षात जातो आणि पैसे उरले तर येतो.

जेवायला टपऱ्यांच्या मजल्यावर गेलो. इथल्या खाण्याच्या बाजारांत गोल स्टुलं टेबलाला कायमची पक्की केलेली असतात. खुर्चीतल्या माणसाने मग टेबलापासून हातभर लांब बसून मांडीवर ताट घ्यायचं. इथे काही टेबलांचं एकेक स्टूल मुद्दाम काढून टाकलंय, आणि टेबलावर व्हीलचेअरची खूण. खर्च शून्य, उलट एका स्टुलाचे पैसे वाचले. अर्थात त्या टेबलावर कुणीतरी रुमालाचं पुडकं ठेवून जागा धरून गेलं होतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारी जमात इथेही आहे हे बघून बरं वाटलं. पुडक्याचा मालक आला, हिला बघून ओशाळून दुसरीकडे गेला. आम्ही शाकाहारी नूडल्स मागवल्या, हिने डब्यातली गुळपोळी काढली.

दुपारी दोनच्या सुमारास ही म्हणाली, "आता तुम्ही सगळे जरा इकडेतिकडे जा." का? "मला एकटीला फिरायचंय." आम्ही खाली आवारात बसलो. ती पाऊण तासाने आली. एका दुकानातून केसांच्या पिना आणि एक लाल कंगवा घेऊन आली होती. पैसे किती झाले, दुकानदार काय म्हणाला, लिफ्टचं बटण कोपराने कसं दाबलं, हे सगळं तिने संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं. कंगवा घरी चार आहेत.

सातवा दिवस

रेडहिलजवळचं 'एनेबलिंग व्हिलेज'. १९७० च्या दशकातल्या एका जुन्या व्यवसाय-शिक्षण संस्थेच्या इमारती न पाडता, त्यांना उतार आणि पूल जोडून, २०१५ मध्ये अपंगांच्या प्रशिक्षणाचं आणि नोकऱ्यांचं केंद्र केलं. पण फाटक सगळ्यांना उघडं. आत सुपरमार्केट, व्यायामशाळा, पाळणाघर, कमळांची तळी. वस्तीतली माणसं भाजी घ्यायला येतात, तेव्हा 'अपंगांची संस्था' असा वास कुठे येत नाही. मी सगळे उतार मोजले. एकही पावणेपाचच्या वर नाही. एका ठिकाणी मला इतका लांब, वळत जाणारा उतार दिसला की जागा वाया गेली असंच मनात आलं. चौतीस वर्षांची सवय. तेवढ्यात लेक बाबागाडी ढकलत त्याच उतारावरून गप्पा मारत गेली, तिच्यामागे एक पांढरी काठी घेतलेला तरुण, त्याच्यामागे माल लादलेली हातगाडी.

त्या तरुणाच्या पायाखाली ठिपक्यांच्या आणि रेघांच्या लाद्या होत्या. या लाद्या निघाल्या जपानातल्या ओकायामात. सेइइची मियाके नावाच्या माणसाने त्या शोधल्या आणि १८ मार्च १९६७ ला अंधशाळेजवळच्या चौकात पहिल्यांदा बसवल्या. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडेही आता फूटपाथवर पिवळ्या लाद्या सर्रास दिसतात. एका ठेकेदाराने त्या मला रेघा आडव्या करून लावून दाखवल्या होत्या, "साहेब, असं जास्त उठून दिसतं." दुसऱ्या एका ठिकाणी ती पिवळी वाट थेट विजेच्या खांबात शिरते. ते बिल मी पास केलेलं नाही, एवढंच समाधान.

परतताना स्टेशनच्या लिफ्टपाशी आज पहिल्यांदा रांग लागली. कानांत बोंडं घातलेली तरणी पोरं, धट्टीकट्टी, शेजारी सरकता जिना रिकामा धावतोय. व्हीलचेअरला आधी सोडा अशी पाटी भिंतीवर आहे. दोनदा लिफ्ट भरून गेली. तिसऱ्यांदा ही चक्क मराठीत कडाडली, "अहो, सरका जरा!" सगळे सरकले.

हिशोब: चार. "मागणं नव्हतं, दटावणं होतं," मी म्हटलं. तिने तरी मोजलं.

आठवा दिवस

नातवाचं बोरन्हाण. बोरांच्या जागी द्राक्षं आणि चॉकलेटं. शेजारच्या आजी आल्या, व्हॉइड डेकवरची चार पोरं आली. हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावर आपण खाऊ का ओततो, हे लेकीने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. आजींनी फार मन लावून ओतला. रात्री विमान.

परतल्यावर

मुंबईहून नाशिकला येताना, वाटेवरच्या एका तालुक्याच्या गावी मी ड्रायव्हरला आत वळायला सांगितलं. तिथे एक कचेरी आहे. १९९५ चा अपंगांचा कायदा आल्यावर काही वर्षांनी 'सर्व इमारतींना रॅम्प करा' अशी पत्रं आली, तेव्हा या इमारतीचा रॅम्प मी काढला होता. जोतं दोन फूट उंच. चोवीस फूट लांबी हवी होती. पुढे साहेबांच्या गाडीचं पोर्च होतं, म्हणून पंधरा फुटांत बसवला. मोजमाप पुस्तकात 'रॅम्प, एक नग' अशी नोंद आहे, खाली माझी सही. तपासणीला आलेल्यांनीही रॅम्प आहे की नाही एवढंच बघितलं.

मोटारसायकल बाजूला करून मी फोन ठेवला. सात पूर्णांक सहा.

"किती?" गाडीतून हिने विचारलं. सांगितलं.

"मला न्या बघू वरती."

मी खुर्ची काढली. पहिली सहासात फूट जोर लावून गेलो. मग गुडघे वाकवून, दात आवळून, एकेक वीत. हिने दोन्ही हातांनी चाकं धरली होती, तिच्या मनगटांना काय होत असेल ते मला पाठमोरी दिसत होतं. निम्म्यावर मी अडकलो. पुढेही नाही, मागेही नाही. व्हरांड्यातून एक शिपाई धावत आला. "थांबा साहेब, हात लावतो."

आम्ही वर पोचलो. शिपाई घाम पुसत हसला, आणि काय काम आहे म्हणून विचारलं.

"पाच," ही मला म्हणाली.